काळ्या घोडीचे चार नाल

वर्ना हुडाकच्या मागच्या दारावर हातभर लांबीची एक लाकडी पाटी होती. हिरव्या रंगात ठसठशीत अक्षरं: ‘या दाराच्या आत दारू नाही.’ पाटी लावण्याचा हट्ट वर्नाचा, पण रंगवली होती तिच्या नवऱ्यानं, वॉल्टनं, आणि रंगवताना तो मनापासून हसला होता. वॉल्टला जाऊन अकरा वर्षं झाली तरी पाटी जागेवरच होती. सव्वीस वर्षांच्या संसारात घरात बिअरचा एक थेंब आला नाही, हे वर्ना चर्चच्या तळघरात पिरोगी, म्हणजे बटाट्याच्या करंज्या, वळता वळता बायकांना सांगायची. बायका पीठ मळता मळता माना डोलवायच्या.

वॉल्ट काय करायचा हे त्या बायकांनाही ठाऊक होतं. गिरणीतून सुटला की तो अंगणात ट्रक उभा करायचा, इंजिन बंद करायचा, रेडिओ चालू ठेवायचा आणि तिथंच बसून बिअरचे चार डबे एकामागून एक घशाखाली उतरवायचा. सावकाश प्यायला सवड नसायची, कारण आत जेवण निवत असायचं आणि खिडकीत वर्ना उभी असायची. मग आठ पायऱ्या चढून वर यायचा, हात धुवायचा, टेबलाशी बसायचा. ऑक्टोबरातल्या एका संध्याकाळी तो सातव्या पायरीवरून मागे पडला. खाली सिमेंटची कड होती. घरात दारू नव्हती, हे त्या दिवशीही खरंच होतं.

त्याच्या आधी आठ वर्षं आणि नंतर अकरा, असे एकोणीस उन्हाळे वर्ना मॅपल हॉलो पार्कमध्ये काळ्या घोडीच्या रांगेच्या तोंडाशी उभी राहत आली होती. काळी घोडी म्हणजे तिथला लाकडी रोलर कोस्टर, एकोणीसशे अडतीस सालचा. गाडी चढावर कडकड करत चढते आणि उतारावर माणसाचं काळीज मागे ठेवून पुढे पळते. पेनसिल्व्हेनियाच्या त्या डोंगरांत असं कुटुंब सापडणार नाही, ज्यातल्या तीन पिढ्या या घोडीवर बसून ओरडलेल्या नाहीत. वर्नाचं काम साधं. मुलांना रंगीत काठीनं मापायचं, टोप्या-चष्मे फलाटावर काढून ठेवायला बजावायचं, आणि मध्येच रांगेत घुसणाऱ्याला बाहेर काढायचं. हे शेवटचं काम ती आवडीनं करायची. त्या गावांत घटस्फोट माफ होतो, चर्चला दांडी मारलेली माफ होते, दुसऱ्या पक्षाला दिलेलं मतसुद्धा एखाद्या नाताळात माफ होतं, पण रांग मोडलेली कुणी माफ करत नाही. आणि वर्नासमोर रांग मोडणारा माणूस अजून जन्माला यायचा होता.

पार्क नव्या मालकांकडे गेलं आणि त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा बिअर आली. मालकांनी डोकं चालवून बिअरची गाडी काळ्या घोडीपासून वीस पावलांवर लावली, कारण सगळ्यात लांब रांग तिथंच असते आणि तहान रांगेतच लागते. रांगेच्या तोंडाशी नवी कोरी पाटी लागली: ‘मद्य घेऊन रांगेत जाण्यास मनाई. पेय येथेच संपवा किंवा टाकून द्या.’ खाली एक मोठं पिंप.

आता तुम्हीच सांगा, बारा डॉलरचा काठोकाठ भरलेला पेला कोण पिंपात ओतेल? पहिल्या शनिवारी वर्नानं पाहिलं, माणूस पाटीपाशी यायचा, वाचायचा, पेल्याकडे बघायचा, रांगेकडे बघायचा, आणि मान मागे टाकून सगळा पेला एका दमात रिकामा करायचा. बायको टाळ्या पिटायची, मित्र ‘संपव, संपव’ म्हणून ओरडायचे. मग तो रिकामा पेला पिंपात टाकून, तोंड पुसून, ऐटीत आत जायचा. आत चाळीस मिनिटांची रांग. वर्नाच्या पुढ्यात असताना त्याची चाल सरळ, डोळे स्वच्छ, बोलणं नीट. बिअर पोटात गेलेली असायची, डोक्यात जायची असायची. ती डोक्यात जाऊन पोचायची बरोबर फलाटावर, घोडीवर बसायच्या वेळी. तिथं गाडीचा दांडा धरून असायचा स्टॅश वॉयनार, सत्तरीचा म्हातारा, आणि त्याला एका मिनिटात चोवीस माणसं बसवायची असायची. कुणाचे डोळे बघणार?

जूनच्या मध्यावर जे व्हायचं ते झालं. मानेवर सूर्य गोंदवलेला एक धट्टाकट्टा गडी, वर्नाच्या डोळ्यांदेखत दोन पेले रिचवून आत गेलेला, दुसऱ्या उतारावर घाबरा झाला. उतरायचंच म्हणून त्यानं मांडीवरच्या दांड्याखालून एक पाय बाहेर काढला. गाडी फलाटावर आली तेव्हा तो कुशीवर लोंबकळत होता, एका पायात बूट नव्हता, आणि त्याच्या बायकोनं त्याचा पट्टा दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. तिची बोटं सोडवायला स्टॅशला वेळ लागला.

पार्कचा कारभार बघणारा ट्रेव्हर सिस्क धावत आला. बत्तीस वर्षांचा, इस्त्रीचा शर्ट, कमरेला वॉकीटॉकी. वाईट पोरगा नव्हता. फक्त सगळं जग कागदावर मावतं असं त्याला वाटायचं.

“त्याच्या हातात पेला होता का आत जाताना?” त्यानं वर्नाला विचारलं.

“पेला पिंपात होता. बिअर त्याच्यात होती.”

“म्हणजे नियम पाळला गेला होता.”

“तेच सांगतेय मी तुला, पोरा. नियम पाळला गेला, म्हणूनच हे झालं.”

ट्रेव्हरनं कागदावर पहिलं वाक्य लिहून घेतलं, दुसरं नाही.

त्या संध्याकाळी वर्ना घरी आली, आणि अंगणातून मागच्या दाराकडे जाताना तिचा पाय सातव्या पायरीवर थबकला. समोर हिरव्या अक्षरांची पाटी. तिनं ती वाचली. मग पार्कातली पाटी आठवली. दोन्ही पाट्यांचं बोलणं एकच होतं, आणि दोन्ही पाट्यांसमोर माणसं एकच गोष्ट करत होती. वर्ना त्या पायरीवर बसली. कडेच्या शेडमध्ये वॉल्टचे नाल खिळ्याला टांगलेले होते. घोड्याचे नव्हेत, नाल फेकायच्या खेळाचे, दोन जोड्या, जड लोखंडी. रविवारी दुपारी गावच्या बंबखान्याच्या, फायर हॉलच्या मागे रोवलेल्या खुंटीवर वॉल्ट ते असे फेकायचा की बघत राहावं. तिनं ते चारही उतरवले आणि पिशवीत टाकले. डोक्यात काय आहे हे तिनं कुणालाच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर कुणीतरी अडवलं असतं.

शनिवारी दुपारी डेनी कोव्हाल नावाचा माणूस आपल्या मुलीला घेऊन आला. मुलगी आठ वर्षांची, नाव मॅडी. वर्नानं काठी लावली आणि मॅडीचं डोकं पहिल्यांदाच लाल रेघेला टेकलं. पोरीनं उडीच मारली. बापाच्या हातात भरलेला पेला होता. त्यानं पाटी वाचली आणि मान मागे टाकली.

“थांब,” वर्ना म्हणाली.

“पाटीवर लिहिलंय ना, संपवा म्हणून?”

“लिहिलंय. मी म्हणतेय संपवू नकोस. त्या झाडाखाली बाक आहे, तिथं बस. शेजारी कोबी घातलेल्या शेवयांची हलुश्की मिळते, ती खा. सावकाश पी. चाळीस मिनिटांनी ये.”

“आणि रांग? अहो आजी, परत शेपटापासून उभं राहू? पोरगी सहा महिन्यांपासून टाचा उंचावून मापतेय स्वतःला!”

वर्नानं पिशवीतून एक नाल काढून त्याच्या हातात ठेवला. वजनानं डेनीचा हात खाली गेला.

“हा तुझी जागा धरेल. ही हिरवी टोपी दिसतेय ना, तिच्या मागे तुम्ही दोघं. ती टोपी फलाटावर पोचली की बाहेरच्या जिन्यानं वर यायचं. पण आधी माझ्यापाशी यायचं, नाल द्यायचा, आणि माझ्या डोळ्यांत बघायचं.”

मागच्या रांगेत लगेच कुजबुज सुरू झाली. “ए, हे काय चाललंय? आम्ही उन्हात आणि तो सावलीत?” एक बाई ओरडली, “ही तर सरळसरळ घुसखोरी आहे!”

वर्ना कठड्यावर चढली. सहासष्टाव्या वर्षी कठड्यावर चढणं ही गंमत नव्हती. “ऐका सगळे! एकोणीस वर्षं मी या तोंडाशी उभी आहे. माझ्यासमोर कुणी रांग मोडलीय? हात वर करा.” एकही हात वर झाला नाही. “तो टोपीवाल्याच्या मागे होता आणि टोपीवाल्याच्याच मागे येईल. एक माणूस इकडचा तिकडे होणार नाही. ज्याला माझ्यावर भरवसा नाही, त्यानं परवाच्या त्या बुटाच्या मालकाच्या शेजारी बसावं.” बुटाची गोष्ट त्या गावांत सगळ्यांना कळलेली होती. लोक हसले, आणि हसलेली रांग भांडत नाही.

चाळीस मिनिटांनी डेनी आला. वर्नानं त्याच्या डोळ्यांत पाहिलं. पेला अर्धा भरलेला होता. “कोमट झाली,” तो ओशाळून म्हणाला आणि पेला आपल्या हातानं पिंपात ओतला.

वर्ना जे सव्वीस वर्षांत शिकली नव्हती ते तिला तीन आठवड्यांत कळलं. घाई नसली की माणूस निम्मी टाकून देतो. सगळेच नाही, काही जण परत आले ते डुलत आले, आणि वर्नानं त्यांचा नाल काढून घेऊन त्यांना घरच्यांच्या हवाली केलं. पण दुसऱ्यांदा पाहिल्यामुळे ते दिसले तरी. नाल चारच, म्हणून एका वेळी चारच कुटुंबं. पाचवा आला की त्याला थांबावं लागे, आणि थांबायला लागलं की पुष्कळ जण बिअर घ्यायच्या आधीच रांगेत शिरत. वरून स्टॅश ओरडायचा, “वर्ने, आज एकही मळमळलेला हिरवा चेहरा नाही! मला करमेना झालंय!”

मग तक्रार आली. कुणीतरी पत्र लिहिलं की पिणाऱ्यांना सावली आणि न पिणाऱ्यांना ऊन, हा कुठला न्याय? पत्रात तथ्य नव्हतं असं नाही. वर्नानंही ते मान्य केलं. पण ट्रेव्हरला न्यायाची काळजी नव्हती, त्याला वकिलांची होती.

“वर्ना, तुम्हाला समजतंय का? पाटी आहे तोवर पार्क सुटतं. आम्ही सांगितलं होतं, त्यानं ऐकलं नाही, संपलं. तुम्ही नाल दिलात की तो माणूस आपल्या गळ्यात पडला.”

“तो पडलेलाच आहे. पाटी लावली म्हणून उचलावा लागत नाही का?”

“नाल मला द्या, नाहीतर उद्यापासून लहान मुलांच्या आगगाडीवर जा.”

“तिसरं काही?”

“तिसरं काही नाही.”

वर्नानं गळ्यातला बिल्ला काढून त्याच्या इस्त्रीच्या शर्टावर टेकवला. “मग मी उद्या येणार नाही. नाल इथंच कठड्याला टांगलेत. त्यांच्याकडे बघत उभा राहा.” एकोणीस उन्हाळे असे एका मिनिटात संपले. ती जागा गेली म्हणजे तिच्याकडे रिकामं घर आणि मागच्या दाराची पाटी एवढंच उरत होतं, आणि त्या पाटीच्या सोबतीनं हिवाळा काढायची तिची आता तयारी नव्हती.

दुसऱ्या दिवशी रविवार. वर्ना चर्चला गेली, घरी येऊन निळा फुलाफुलांचा झगा घातला, आणि तिकीट काढून पार्कात शिरली. सरळ बिअरच्या गाडीपाशी गेली. “मोठा पेला,” ती म्हणाली. गाडीवरची मुलगी बघतच राहिली.

काळ्या घोडीच्या तोंडाशी नवीन माणूस मिळाला नव्हता, म्हणून ट्रेव्हर स्वतः उभा होता, घामानं डबडबलेला. समोर वर्ना, हातात काठोकाठ पेला.

“मद्य घेऊन रांगेत जाता येत नाही ना, साहेब?”

“वर्ना, काय हे?”

“मी तिकीट काढून आलेय. काय करायचं सांग.”

मागे माणसं होती. ट्रेव्हरनं पाटीकडे पाहिलं. “संपवा किंवा टाकून द्या.”

वर्नानं आयुष्यात एवढी बिअर कधी प्यायली नव्हती. लग्न झाल्यापासून तर चर्चमधल्या प्रसादाच्या वाइनच्या घोटाखेरीज काहीच नाही. तिनं मान मागे टाकली. अर्ध्यावर डोळ्यांत पाणी आलं, नाकात फेस गेला, पण ती थांबली नाही. रिकामा पेला पिंपात टाकला, तोंड पुसलं.

“नियम पाळला?”

“हो,” ट्रेव्हर पुटपुटला.

“मग बाजूला हो.”

ती रांगेत शिरली. पहिली दहा मिनिटं काहीच झालं नाही. पुढच्या कुटुंबाशी ती बटाट्याच्या पिकाबद्दल बोललीसुद्धा. विसाव्या मिनिटाला कान गरम झाले. तिसाव्या मिनिटाला कठड्याचा लोखंडी दांडा तिला जरा दूर गेल्यासारखा वाटला. आणि मग ती एक गोष्ट करायला लागली. सरळ चालायला लागली. पाऊल मुद्दाम उचलून, मुद्दाम ठेवून, मान ताठ, चेहरा साधा, कुणाला कळू नये म्हणून सगळा जीव पावलांत आणून. हे चालणं तिनं पाहिलं होतं. सव्वीस वर्षं रोज संध्याकाळी, स्वयंपाकघराच्या खिडकीतून, आठ पायऱ्या. तिला वाटायचं वॉल्ट तिला फसवतोय. त्या रांगेत तिला कळलं की तो तिची पाटी सांभाळत होता. वर्नाला रडू फुटलं. पुढचं कुटुंब तिच्याकडे बघायला लागलं, तरी तिनं ते आवरलं नाही.

कठड्याच्या पलीकडून ट्रेव्हर तिच्या बरोबरीनं चालत होता. तोंडाशी कुणाला तरी उभं करून तो आला होता. “वर्ना, बाहेर या. प्लीज.”

“का? मी डुलतेय?”

“नाही. थोडं.”

“कुठल्या नियमात बसत नाही मी?”

फलाटावर गाडी उभी होती. वर्नाची पाळी आली. तिनं पहिल्या डब्यात पाय टाकला, तो चुकला, आणि तिनं खांब धरला. स्टॅशनं दांड्यावरचे दोन्ही हात काढून छातीशी बांधले. “मी गाडी सोडणार नाही,” तो म्हणाला. “पण मी साधा दांडेवाला. तिला नाही म्हणायचा अधिकार साहेबांचा.”

चोवीस माणसं आणि मागची अख्खी रांग ट्रेव्हरकडे बघत होती. तो गोरामोरा झाला. मग पुढे येऊन त्यानं वर्नाचा दंड धरला, घट्ट, जसा आईचा धरावा. “तुम्ही बसणार नाही. तुम्ही प्यायलात. तोंडाशीच मी तुम्हाला थांबवायला हवं होतं.”

“पेला तर पिंपात होता.”

“मला माहीत आहे पेला कुठे होता!” तो ओरडला, आणि ओरडल्यावर त्याला स्वतःचंच ऐकू आलं. मग त्यानं तिला बाहेरच्या जिन्यानं खाली आणलं, झाडाखालच्या बाकावर बसवलं, स्वतः जाऊन हलुश्कीची ताटली आणली, आणि कठड्याचा एक नाल काढून तिच्या मांडीवर ठेवला.

“लाल पोलक्याच्या बाईच्या मागे तुमची जागा आहे,” तो म्हणाला. “वर जायच्या आधी माझ्यापाशी यायचं.”

“आणि उद्या?”

“उद्या तुम्ही तोंडाशी. वकिलांना मी सांगतो. आणि ती बिअरची गाडी मी आजच पार्कच्या पार टोकाला, त्या जुन्या फायर इंजिनापाशी हलवतोय.” दोन पावलं जाऊन तो वळला. “आणखी नाल मिळतील का कुठे? न पिणाऱ्या म्हाताऱ्यांनाही द्यायला हवेत.”

“फायर हॉलमध्ये विचार. वॉल्टचं नाव सांग, देतील.”

लाल पोलकं फलाटावर पोचेपर्यंत वर्ना बसून राहिली. मग ट्रेव्हरसमोर जाऊन उभी राहिली, त्यानं तिच्या डोळ्यांत पाहिलं, तिला चार पावलं चालायला लावलं, आणि नाल घेतला. वॉल्ट गेल्यावर पहिल्यांदाच ती काळ्या घोडीवर बसली. दुसऱ्या उतारावर ती इतक्या मोठ्यानं ओरडली की स्टॅशनं फलाटावर टोपी काढली.

संध्याकाळी उजेड होता तोवरच ती घरी पोचली. शेडमधून पेचकस घेतला, आठ पायऱ्या चढली आणि मागच्या दाराची पाटी काढायला लागली. तीन स्क्रू सहज निघाले. चौथा गंजला होता, त्याला तेल घालून थांबावं लागलं. थांबली तेवढा वेळ ती दारात बसली आणि अंगणात जिथं ट्रक उभा राहायचा त्या जागेकडे बघत म्हणाली, “आत येऊन प्यायला असतास, तर निदान पायऱ्या तरी आधी चढला असतास रे.” मग उठून तिनं चौथा स्क्रू काढला.